आमवात आणि दमा एकाच अंगात: मुंबईतल्या घरासाठी सविस्तर मार्गदर्शन

सांध्यांसाठी एक डॉक्टर, छातीसाठी दुसरे, आणि ताप-खोकला आला की गल्लीतले फॅमिली डॉक्टर. आमवात आणि दमा दोन्ही असलेल्या बहुतेकांचे कागद असे तीन ठिकाणी विखुरलेले असतात. प्रत्येक डॉक्टर आपल्या जागी बरोबर असतात, पण एकाने दिलेली गोळी दुसऱ्याच्या आजाराला चालते का, हे बघायला मधे कोणी नसतं. ते काम घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. आमच्या घरात आईला दोन्ही आजार आहेत आणि ते काम माझ्याकडे आहे. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या बायका जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर काय मांडायचं आणि घरी काय सांभाळायचं, हे आपल्या हातात आहे.

आधी काय काय आहे ते नीट समजून घ्या

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वयोमानाने गुडघे झिजण्याचा आजार नाही. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पावलं सुजतात. सकाळी उठल्यावर सांधे तासभर, कधी त्याहून जास्त वेळ आखडलेले राहतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दोन ते तीन पट जास्त दिसतो. दम्यात श्वासनलिका आतून सुजतात आणि आवळतात. घरघर, खोकला, छातीत दडपण हे कधी वाढतं, कधी अगदी नाहीसं होतं, आणि रात्री-पहाटे जास्त जाणवतं.

दोन्ही आजारांत सूज हेच मूळ आहे. म्हणून फक्त दुखणं किंवा धाप दाबून भागत नाही, सूज रोखणारं रोजचं औषध चालू ठेवावं लागतं. बरं वाटलं की औषध बंद करायचं ही आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि या दोन आजारांत तीच सगळ्यात महागात पडते.

धाप लागली म्हणजे दमाच, असं धरून चालू नका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आमवात सांध्यांपुरता राहत नाही. तो फुप्फुसातही जाऊ शकतो. फुप्फुसाच्या नाजूक जाळीला सूज येऊन ती हळूहळू कडक होते, याला डॉक्टर आयएलडी म्हणतात. कधी फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी होतं, कधी श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यात कफ साचतो. घशातल्या स्वरयंत्राजवळ दोन छोटे सांधे असतात, त्यांनाही आमवात धरतो. मग आवाज बसतो, गिळताना घसा दुखतो, श्वास आत घेताना आवाज येतो. ज्याला आधीपासून दमा आहे त्याच्या बाबतीत हे सगळं ‘दमा वाढला’ या एका वाक्याखाली झाकलं जातं आणि पंपाचे, म्हणजे इनहेलरचे, डोस वाढत राहतात.

फरक ओळखायला काही खुणा आहेत. दम्याची धाप येते-जाते आणि पंप घेतला की थोड्या वेळात उतरते. आयएलडीची धाप महिन्यामहिन्याने वाढत जाते. पूर्वी दोन मजले चढत होतात, आता एकातच थांबावं लागतं. खोकला कोरडा असतो, घरघर सहसा नसते, पंपाने म्हणावा तसा फरक पडत नाही. डॉक्टर पाठीवर स्टेथोस्कोप ठेवतात तेव्हा खाली, फुप्फुसाच्या तळाशी, चपलेची चिकटपट्टी उघडल्यासारखा चरचर आवाज येतो. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा बदल दिसेलच असं नाही, त्यासाठी छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन, लागतो.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. पाच मिनिटं शांत बसून, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडा बघा. मग नेहमीच्या वेगाने पाच-सहा मिनिटं चाला आणि लगेच पुन्हा बघा. बसून ९७ आणि चालल्यावर ९१ असं होत असेल, तर आकडे तारखेसह लिहून छातीच्या डॉक्टरांकडे जा. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, बोटं गार पडली असतील, तर आकडा चुकतो. आमवाताने वाकड्या झालेल्या बोटावर क्लिप नीट बसत नाही, तेव्हा त्यातल्या त्यात सरळ बोट निवडा. आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या.

दमा आहे हेही एकदा कागदावर सिद्ध झालेलं असावं. स्पायरोमेट्रीत नळीत जोरात फुंकायला लावतात, मग पंप देऊन पुन्हा फुंकायला लावतात. पंपानंतर आकडा चांगला सुधारला तर दम्याच्या निदानाला बळ मिळतं. आयएलडीची शंका असेल तर डीएलसीओ ही वेगळी तपासणी करतात, त्यात फुप्फुसातून वायू रक्तात किती सहज उतरतो ते कळतं. वर्षानुवर्षं पंप घेणाऱ्या कितीतरी जणांची स्पायरोमेट्री एकदाही झालेली नसते. तुमची झाली नसेल तर पुढच्या भेटीत स्वतःहून विचारा. आणि हिमोग्लोबिन कमी असलं किंवा हृदयाचा त्रास असला तरी धाप लागते, तेही तपासून घ्या.

एक कागद, दोन्ही डॉक्टरांसाठी

एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर आजारांची नावं आणि ते कोणत्या वर्षी कळले ते लिहा. दुसऱ्या पानावर चालू असलेलं प्रत्येक औषध: नाव, मिलिग्रॅम, कधी घ्यायचं, कोणी दिलं. पंप, डोळ्यांचे थेंब, मलम, काढा, मेडिकलमधून स्वतः आणलेली गोळी, सगळं. तिसऱ्या पानावर न सोसणारी औषधं, लाल पेनाने. त्यापुढे ईएसआर, सीआरपी (हे दोन अंगातली सूज दाखवतात), हिमोग्लोबिन, लिव्हर आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचे) आकडे तारखेप्रमाणे. मागच्या पानावर स्टेरॉइडचा प्रत्येक कोर्स, कुणी दिला, किती दिवस.

डोळ्यांचे थेंब मुद्दाम लिहिले. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब डोळ्यात घालूनही दमा उसळवू शकतात. बीपीसाठी, हात थरथरण्यासाठी किंवा मायग्रेनसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांचंही तेच. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि तो दम्याच्या नावावर खपून जातो. डोळ्यांच्या डॉक्टरांना तुमचा दमा माहीत असण्याचं काही कारण नाही. तुम्हीच सांगायचं.

केईएम, सायन, नायर, जेजे अशा मोठ्या रुग्णालयांत दोन्ही विभाग एकाच आवारात असतात, ही मोठी सोय आहे. दोन ओपीडींचे वार आधी विचारून घ्या आणि सांध्यांच्या डॉक्टरांना केसपेपरवरच लिहून द्यायला सांगा: ‘छाती विभागाचं मत हवं’. तोंडी निरोपापेक्षा त्या एका ओळीला फार वजन असतं. खासगीत दाखवत असाल तर वहीच्या पहिल्या तीन पानांचा फोटो दोन्ही डॉक्टरांना दाखवत चला.

दुखण्याच्या गोळ्या: इथे घाई नको

आमवातात दुखणं रोजचं, म्हणून दुखण्याची गोळीही रोज हाताशी. पण दम्याच्या रुग्णांमध्ये काहींना अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातीच्या गोळ्यांनी, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांनी, जोराचा दमा उठतो. मोठ्या माणसांतल्या दम्यात साधारण १०० पैकी ७ जणांना ही अडचण असते. ज्यांना नाकात मस्से आहेत, वास येत नाही, सतत नाक चोंदलेलं असतं किंवा दमा तीव्र आहे, त्यांच्यात हे प्रमाण जास्त. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासात ते दोन-तीन तासांत नाक गळायला लागतं, चेहरा लाल होतो, छाती आवळते.

असं कधीही झालं असेल तर त्या गोळीचं नाव वहीत लाल पेनाने लिहा आणि ती जात पुन्हा घेऊ नका. खरी अडचण जोडगोळ्यांची आहे. अंगदुखीच्या कितीतरी प्रचलित गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घातलेलं असतं आणि पाकिटावर ते बारीक अक्षरात असतं. आमच्याच जवळच्या एका मेडिकलवाल्याने आईला ‘हलकी आहे, काही होत नाही’ म्हणून अशीच जोडगोळी दिली होती. पाकीट उलटून घटक वाचले तेव्हा कळलं.

जिला आजवर या गोळ्या सोसल्या आहेत तिने घाबरून बंद करायचं कारण नाही. साधी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. एटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्या अ‍ॅस्पिरिन न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना चालतात, पण पहिला डोस डॉक्टरांना विचारून, शक्यतो त्यांच्या नजरेखाली. हृदयासाठी रोज छोटी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तीही सांगा. दुखण्याचं मलम लावतानाही घटक बघा.

मला वाटतं, दुखण्याची गोळी रोज लागत असेल तर तो गोळी बदलण्याचा नव्हे, आमवाताचं मूळ औषध पुरेसं आहे का हे विचारण्याचा इशारा आहे.

मेथोट्रेक्सेट: आठवड्यातून एकदाच

आमवाताचं बहुतेकांना दिलं जाणारं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं: तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी झपाट्याने घटतात. ही चूक जगभर होते, कारण घरातल्या बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. त्यातून तिच्या जोडीला दिली जाणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही तशीच लहान आणि पिवळसर. म्हणून एक वार ठरवा, डॉक्टरांना चिठ्ठीवर तो वार अक्षरात लिहायला सांगा, आणि मेथोट्रेक्सेटचं पाकीट रोजच्या डब्यात ठेवूच नका. आमच्याकडे तिला ‘रविवारची गोळी’ म्हणतात आणि ती वेगळ्या डबीत, वरच्या फळीवर असते.

फुप्फुसाशी या गोळीचा संबंध असा: क्वचित कुणाला तिची फुप्फुसावर प्रतिक्रिया येते. नवा कोरडा खोकला, ताप आणि काही दिवसांत वाढत जाणारी धाप, हे तीन एकत्र दिसले तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ज्यांचं फुप्फुस आधीच आजारी आहे त्यांना धोका थोडा जास्त, म्हणून औषध सुरू होण्याआधी छातीचा एक्स-रे काढलेला असावा. पण हे क्वचित घडतं. नुसत्या भीतीने गोळी बंद करून सांधे वाकडे करून घेणारी माणसं मी जास्त पाहिली आहेत.

आणखी एक जोडी टाळायची: मेथोट्रेक्सेट आणि को-ट्रायमॉक्साझोल. लघवीच्या जळजळीला, जुलाबाला हे अँटिबायोटिक सहज लिहिलं जातं, आणि दोन्ही मिळून रक्तपेशी धोकादायक पातळीला आणू शकतात. आमवातासाठीच दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल आणि छातीच्या संसर्गासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं जात असेल, तर दोन्हींचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो, एवढं डॉक्टरांच्या कानावर घाला. मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड ही आमवाताची दोन्ही औषधं आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, थांबवावी लागतात.

स्टेरॉइडचा हिशोब

दमा उसळला की पाच-सात दिवस प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी देतात. तेवढ्यात सांधेही एकदम मोकळे होतात. मग पेशंटला वाटतं हीच खरी गुणकारी गोळी, आणि कोर्स संपला की उरलेली पत्ती जपून ठेवली जाते. दुखलं की अर्धी. हे करू नका. त्यामुळे त्या आठवड्यातले रक्ताचे आकडे आणि सांध्यांची सूज दोन्ही फसवी दिसतात, आणि सांध्यांचे डॉक्टर ‘छान चाललंय’ म्हणून मूळ औषध वाढवत नाहीत. तपासणीला जाताना गेल्या महिन्यात कोर्स झाला होता का, हे पहिल्यांदा सांगा.

वर्षात दोन किंवा जास्त कोर्स लागले तर दमा ताब्यात नाही, रोजच्या पंपाचा पुन्हा विचार व्हायला हवा. तीन आठवड्यांहून जास्त स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या अचानक बंद करायच्या नाहीत, डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात. साखर, बीपी, हाडांची घनता आणि डोळे यांची तपासणी ठेवा. पंपातल्या स्टेरॉइडची मात्र भीती बाळगू नका, ते फार कमी मात्रेत थेट श्वासनलिकेत जातं. घेतल्यावर खळखळून चूळ भरा म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येत नाहीत.

बिननावाच्या पुड्या आणि ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून मिळणारी भुकटी यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर आधी तीच शंका घ्या.

सुजलेल्या बोटांनी पंप दाबायचा कसा

हा प्रश्न छातीच्या ओपीडीत क्वचित कोणी विचारतं. पंपाचा डबा दाबायला अंगठा आणि तर्जनीत बरीच ताकद लागते. आमवाताच्या हातात नेमकी तीच नसते. आई पंप तोंडाला लावायची, श्वास ओढायची आणि डबा अर्धाच खाली जायचा. औषध गेलंच नाही हे बघणाऱ्यालाही कळत नव्हतं.

उपाय असे. दोन्ही हातांनी पंप धरा: दोन्ही तर्जन्या वर, दोन्ही अंगठे खाली. त्याला स्पेसरची, म्हणजे पंपाला लावायच्या पोकळ नळकांड्याची, जोड द्या. स्पेसर लावला की दाबणं आणि श्वास घेणं यांची वेळ साधावी लागत नाही, आणि डबा दाबायचं काम घरातलं दुसरं कुणी करू शकतं. एक पफ स्पेसरमध्ये सोडा, सावकाश खोल श्वास घ्या, दहा आकडे मोजेपर्यंत रोखा, मग दुसरा पफ. दोन पफ एकदम मारायचे नाहीत. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता वाळवा, फडक्याने घासलं की आत औषध चिकटतं.

दाबायची ताकद अजिबातच नसेल तर श्वास ओढताच आपोआप सुटणारे पंप मिळतात, सिप्लाचा सिंक्रोब्रीद हा त्यातला एक. डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. रोटाहेलरसारख्या कॅप्सूलच्या पंपात दाबावं लागत नाही, पण पत्तीतून कॅप्सूल काढणं आणि पंप फिरवणं हे दुखऱ्या बोटांना जड जातं. दिवसभराच्या कॅप्सूल आधीच काढून ठेवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात भुकटीला ओल लागते आणि ती कॅप्सूलमध्येच गोळा होऊन बसते. भुकटीचा पंप जोरात आणि झटकन ओढायचा, दाबायचा पंप सावकाश. दोन्ही प्रकारचे पंप घरात असतील तर ही गल्लत हमखास होते. मोठा अटॅक आला की जोरात ओढायचं बळच राहत नाही, म्हणून दाबायचा पंप आणि स्पेसर उशाशी असावाच. आणि दर भेटीत आपलाच पंप नेऊन डॉक्टरांसमोर वापरून दाखवा.

फक्त निळ्या पंपावर, म्हणजे धाप लागल्यावर लगेच आराम देणाऱ्या पंपावर, दिवस काढणं आता योग्य मानलं जात नाही. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये, मोठ्या माणसांना सूज उतरवणारं औषध पंपातून मिळालंच पाहिजे, असं सांगितलेलं आहे. आठवड्यातून दोनदाहून जास्त निळा पंप लागत असेल तर डॉक्टरांना सांगायची वेळ झाली.

पीक फ्लो मीटर घ्या; जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते त्यावर दिसतं. तुमचा सगळ्यात चांगला आकडा ३०० असेल तर २४० च्या वर हिरवं, १५० ते २४० पिवळं, १५० च्या खाली लाल. पिवळ्यात काय घ्यायचं, लाल झालं तर कुठे जायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

पहाटेचे दोन तास

दोन्ही आजारांची सगळ्यात वाईट वेळ एकच: पहाट. आणि मुंबईत नळाला पाणीही बऱ्याच ठिकाणी त्याच सुमाराला येतं. चाळीत आणि जुन्या इमारतीत बाईचा दिवस आखडलेल्या बोटांनी, छाती भरलेली असताना बादल्या उचलून सुरू होतो. घरातल्यांनी एक गोष्ट बदलायची असेल तर ही बदला. पाणी भरणं दुसऱ्या कुणाचं काम करा. ते शक्यच नसेल तर नळापासून पिंपापर्यंत पाइप लावा आणि वापरायला मोठ्या बादलीऐवजी लहान डबे ठेवा.

उठायच्या आधी अंथरुणातच बोटं मिटणं-उघडणं, मनगटं आणि घोटे फिरवणं, दहा मिनिटं. मग डॉक्टरांनी सांगितलेला सकाळचा पंप. मग कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायचे. अंघोळ त्यानंतर. कपडे पिळणं, घट्ट झाकणं उघडणं, कणीक तिंबणं ही कामं पहिल्या दोन तासांत नकोत. पोळ्या दुपारच्या जवळ होऊ द्या. लाटण्याला जाड कापड गुंडाळलं तर पकड सोपी होते. पातेलं दोन्ही तळव्यांनी उचला, बोटांच्या टोकांनी नको.

फोडणीचा ठसका दम्याला लगेच लागतो. मिरची-मोहरी घालण्याआधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, आणि ज्याला दमा आहे त्याला त्या वेळी बाहेरच्या खोलीत बसू द्या. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झालं की आंबट पाणी वर येतं आणि खोकला वाढतो, दुखण्याच्या गोळ्या आणि स्टेरॉइडने पोट आधीच नाजूक झालेलं असतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास सोडा.

घरातली आणि रस्त्यावरची हवा

जून ते सप्टेंबर ओल आणि बुरशी. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा, गळतीची जागा पावसाआधी दुरुस्त करा. काळी पडलेली भिंत पेशंटने स्वतः पुसायची नाही. उशा-गाद्या ऊन मिळेल तेव्हा वाळवा, चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. गणपती-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची धूळ उडते तेव्हा पेशंटला नातेवाइकांकडे पाठवणं हा घरातला सगळ्यात स्वस्त उपचार आहे. झाडू मारण्याआधी ओलं फडकं फिरवा. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद. आरती निरांजनाने होते.

कबुतरांकडे दुर्लक्ष करू नका. त्यांच्या विष्ठेतले आणि पिसांतले कण वर्षानुवर्षं श्वासात गेले तर काहींच्या फुप्फुसाला सूज येऊन पुढे व्रण पडतात. लक्षणं आयएलडीसारखीच: कोरडा खोकला, वाढती धाप. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत मोठा वाद झाला, त्यात कुणाची बाजू काहीही असो, आमवात असलेल्या माणसाच्या खिडकीत कबुतरं नकोत हे नक्की. जाळी बसवा, एसीच्या मागची जागा बंद करा, वाळलेली विष्ठा खरवडू नका, पाणी मारून ओली करून मास्क लावून काढा. डॉक्टरांना सांगताना ‘खिडकीत कबुतरं आहेत’ हे वाक्य जरूर सांगा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा जड होते, त्यात जागोजागी पुनर्विकासाची धूळ. सकाळी फिरायला जाण्याआधी ‘समीर’ अ‍ॅपवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) बघा. २०० च्या वर असेल तर त्या दिवशी घरातच चाला. शेजारच्या बांधकामावर पाणी मारत नसतील, कापड लावलेलं नसेल, तर महापालिकेच्या १९१६ वर तक्रार करता येते. आणि घरातली बिडी-सिगारेट, तिने दमाही वाढतो आणि आमवाताची औषधंही कमी लागू पडतात.

टीबी आणि लशी

आमवातासाठी प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी बायोलॉजिक इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या सुरू करायच्या असतील तर त्याआधी टीबीची तपासणी व्हायलाच हवी: छातीचा एक्स-रे आणि मांटू (कातडीत सुई देऊन करायची) किंवा रक्ताची इग्रा चाचणी. आपल्या देशात लपलेला टीबी खूप लोकांच्या अंगात असतो आणि या औषधांनी तो जागा होऊ शकतो. घरात पूर्वी कुणाला टीबी झाला असेल तर लाजू नका, सांगा. पुढेही दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं दिसलं तर थुंकी तपासून घ्या.

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील त्या क्रमाने. नागिणीची निर्जीव लसही आता भारतात मिळते. जिवंत जंतूंच्या लशी मात्र या औषधांवर असताना विचारल्याशिवाय नकोत.

व्यायाम आणि प्रवास

सुजलेला सांधा त्या दिवशी विश्रांतीला, बाकीचे हलते ठेवा. चालण्याआधी हळूहळू अंग गरम करा म्हणजे व्यायामाने धाप लागत नाही. अनुलोम-विलोम, ओठ मिटत आणून सावकाश श्वास सोडणं चांगलं. छाती भरलेली असताना जोराची कपालभाती नको. आमवात जुना असेल तर शीर्षासन आणि मानेला झटका देणारी मालिश कधीच नको, मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल झालेले असू शकतात.

लोकलमध्ये गर्दीच्या वेळा शक्य तितक्या टाळा. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट असते, म्हणून थोडा वळसा पडला तरी गुडघे आणि श्वास दोन्ही वाचतात. हातापायांत कायमचं व्यंग आलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर सवलतींचा मार्ग खुला होतो. तपासणीला जाताना हातापायांचे एक्स-रे बरोबर घ्या.

लगेच रुग्णालय गाठायचं कधी

एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, निळ्या पंपाने उतार नाही, ओठ निळसर, पेशंट गुंगीत: १०८ ला फोन करा, सरळ बसवा, रुग्णवाहिका येईपर्यंत स्पेसरमधून पंप चालू ठेवा. आडवं झोपवू नका. एकच सांधा अचानक लाल, गरम, हात लावू देत नाही आणि ताप आहे, तर तो आमवाताचा नेहमीचा भडका म्हणून घरी बसू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तिथे तासांना किंमत असते. मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक चालू असताना १०१ च्या वर ताप आला, तर तोही त्याच दिवशी दाखवा, आणि पुढचा डोस विचारूनच.

कोणतंही ऑपरेशन ठरलं, अगदी मोतीबिंदू किंवा दाताचं असलं तरी, वही घेऊन जा आणि भूलतज्ज्ञांना चार गोष्टी स्वतःच्या तोंडाने सांगा: दमा आहे, आमवात किती वर्षांचा आहे, गेल्या वर्षभरात स्टेरॉइड किती झालं, आणि मानेचा एक्स-रे काढलाय की नाही. त्या दिवशी पंप बरोबर न्या.